आक्कांनी माझं दुसरं बाळंतपण केलं

बीड जिल्ह्यात कुठल्याही घरात लेकराला शुगर निघाली, की ती बातमी त्या लेकराच्या सख्ख्या मामाला कळायच्या आधी शेळ्यावाल्या आक्कांना कळते. हे मी उगीच म्हणत नाही. म्हातारपणीची शुगर वेगळी आणि ही लेकरांची वेगळी. ह्या लेकरांना रोज, जेवणाच्या आधी, जन्मभर इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागते. अशा लेकराची आई आक्का लांबून, नुसत्या चालीवरून ओळखतात. "नवी माय पायाकडं बघून चालती बग, जणू भुईवर काचा सांडल्यात," असं त्या सांगतात. शेळ्या-बोकडांच्या बाजारासाठी त्या बीडला जातात आणि बाजार उरकला की एसटी स्टँडवर यायचं सोडून लेकरांच्या दवाखान्यात बाकावर जाऊन बसतात. अंगाला शेळ्यांचा वास, पायात त्यांच्या लेकीचे शाळेतले जुने पांढरे बूट, गळ्यात सुतळीला बांधलेला मोबाईल. एकदा तिथल्या शिपायानं विचारलं, "मावशी, पेशंट कुठं हाय?" आक्का म्हणाल्या, "अजून यायचाय. तू तुझं काम कर."

आक्कांचं माहेर दिंद्रुड. लग्न होऊन आमच्या बाजूच्या माळावर आल्या त्याला किती वर्षं झाली ते त्यांना आठवत नाही, पण दिंद्रुडचं पाणी, दिंद्रुडची ज्वारी आणि दिंद्रुडची माणसं यांच्या तोडीचं जगात काही नाही हे मात्र त्या रोज आठवणीनं सांगतात. आयुष्य उघड्या माळावर गेल्यामुळं हळू बोलणं त्यांना माहीतच नाही. फोनवर तर त्या समोरचा माणूस जितक्या लांब तितक्या मोठ्यानं बोलतात. पुण्याला लेकीशी बोलायला लागल्या की आमच्या गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जातात. माणसांनाही त्या शेळ्यांसारखंच हाकतात. चार बाया दारात घोळका करून उभ्या असल्या की "हुर्र, हुर्र" करत मागून दोन्ही हात पसरून येतात, आणि नवल असं की बाया सरकतात. ज्यानं त्यांना कधी राग आणला त्याचं नाव त्या शेळीला ठेवतात. त्यांच्या कळपात एक पाटील आहे, एक कंडक्टर आहे, आणि लिंबागणेशच्या देवळापाशी नारळ महाग देणारी एक बाई आहे. आता माझ्या सासूबाईही आहेत, पण ते पुढं येईल.

माझी साक्षी चौथीत होती तेव्हाची गोष्ट. लेकरू घागरभर पाणी प्यायचं, सारखं बाहेर पळायचं, आणि अंगावरचा फ्रॉक दोरीवर टाकल्यासारखा लोंबायला लागला. मग एका सकाळी तिचा श्वास जोरजोरात चालायला लागला आणि आम्ही तिला जीपमध्ये घालून बीडला नेलं. डॉक्टरांनी तिला वाचवलं, सुया कशा द्यायच्या ते शिकवलं, साखर कमी झाली तर काय करायचं ते सांगितलं. मी मान हलवत होते. मला बोलता येत नाही लोकांपुढं, लहानपणापासूनच. आमच्या वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत होती, पुढची शाळा शेजारच्या गावात, म्हणून माझी शाळा चौथीलाच सुटली. साक्षी पोटात होती तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की हिला ओढ्याच्या पलीकडच्या शाळेत पाठवायचंच. पण दवाखान्यातून घरी येताना मी त्याच ओढ्याच्या पुलावरून आले आणि मनात म्हटलं, आता नाही. आता ही माझ्या नजरेआड जायची नाही. शाळा गेली खड्ड्यात.

घरी आलो तर अंगण भरलेलं. आमच्याकडं कुणी वारलं की त्या घरी चूल पेटवत नाहीत, भावकीतून पिठलं-भाकरी येते, तिला कडू घास म्हणतात. आमच्या भावकीनं कडू घास आणला होता. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. एवढं मोठं दुःख झालंय म्हटल्यावर काय न्यायचं ते त्यांना दुसरं ठाऊक नव्हतं. बाया माझ्या गळ्यात पडून सूर लावून रडायला लागल्या. "कसं गं सोन्यासारखं लेकरू, काय गं झालं," असं. मीही रडत होते. मधोमध साक्षी बसली होती, सुई घेऊन झालेली, आणि भूक लागल्यामुळं तो कडू घास आवडीनं खात होती.

तेवढ्यात दारात एक शेळी शिरली, तिच्यामागं दुसरी, आणि त्यांच्यामागं आक्का. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि तोंड पाडून विचारलं, "कवा गेलं?"

रडणं थांबलं. माझी चुलत सासू म्हणाली, "कोण?"

"ज्याच्यासाठी रडायलात त्ये. मैत कुठं हाय?"

"मैत नाही बाई. ह्या पोरीला शुगर निघाली."

आक्कांनी साक्षीकडं पाहिलं. साक्षीनं घास चावत त्यांच्याकडं पाहिलं. "ह्ये?" आक्का म्हणाल्या. "ह्ये तर पिठलं वरपायलंय. जित्या लेकरापुढं सूर लावायलात, लाज न्हाई का तुमाला? उठा. हुर्र." आणि सगळ्या भावकीला त्यांनी अंगणाबाहेर हाकललं. मागं राहिल्या त्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "तुमी कोण व्हो?"

"मी सुईण," आक्का म्हणाल्या. "ह्या पोरीचा पुन्यांदा जन्म झालाय. आता बाळंतीण कुठं हाय ती दावा."

बाळंतीण म्हणजे मी. आक्कांचं म्हणणं असं की लेकरू मरणाच्या दारातून परत आलं म्हणजे ते नव्यानंच जन्मलं, आणि लेकरू नव्यानं जन्मलं म्हणजे त्याची आई ओली बाळंतीण. तिला सव्वा महिना बाजेवरून उठवायचं नाही, तिच्यावर ओरडायचं नाही, तिला थंड पाण्यात हात घालू द्यायचा नाही. "लेकराचं समदे बघत्यात," त्या म्हणाल्या, "मायचं कोन बघतंय?" त्यांनी खरोखर माझ्या डोक्याला फडकं बांधलं, कानात कापूस घातला, बाजेखाली शेगडी ठेवली. दिवस उन्हाळ्याचे होते. मी घामानं निथळत होते आणि लाजून मला बोलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्या माळावरून येऊन माझं अंग तेलानं रगडायला लागल्या. त्यांचे हात शेळ्यांचे खूर कापून कापून असे झाले होते की त्या पाठ चोळायच्या तेव्हा मला वाटायचं आता माझेही खूर कापतात की काय. पण खरं सांगते, दवाखान्यातून आल्यापासून मी झोपले नव्हते. सारखी उठून साक्षीच्या नाकापाशी हात नेऊन बघायचे. त्या दिवशी भर दुपारी आक्का साक्षीला शेजारी घेऊन बसल्या, मला म्हणाल्या, "डोळे मीट. श्वास मी मोजते." आणि मी झोपले. उठले तेव्हा उन्हं कलली होती, आक्का त्याच जागी होत्या, साक्षी त्यांच्या मोबाईलवर गाणी ऐकत होती आणि सासूबाईंच्या नव्या लुगड्याचा काठ शेळीनं खाल्ला होता.

पाचव्या दिवशी त्यांनी पाचवी पुजली. बाळ पाच दिवसांचं झालं की सटवाई येऊन त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाटा-वरवंटा मांडून तिची पूजा करतात. पण ती तान्ह्या बाळाची. नऊ वर्षांच्या, झाडावर चढणाऱ्या पोरीची पाचवी आमच्या गावात कुणी ऐकली नव्हती. बघायला सगळं गाव लोटलं. आक्कांनी पाट्यावर हळदी-कुंकू वाहिलं, दिवा लावला, शेजारी सुयांचा डबा ठेवला आणि त्यालाही हळद वाहिली. मग हात जोडून सटवाईला म्हणाल्या, "बाई, मागच्या टायमाला तू काय लिवलंस ते लिवलंस. झोपंत असशील. आता नीट उजेडात बसून लिव." बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात कुणी हसलं होतं. सासूबाई मात्र फणकारल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की अमक्या बाबाचा पाला खाल्ला की सुई सुटते. त्यांनी तेव्हाच तो विषय काढला.

आक्का उठून त्यांच्यापुढं जाऊन बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून. "आत्याबाई, पाला मह्या शेळ्या खात्यात. पाहिजे तर तुमी बी खा. पर पोरीची सुई येक येळ चुकली तर मी तुमच्या दारात येऊन बसीन, शेळ्यासकट, आन् उठायची न्हाई."

"मी वाईट सांगायले का?" सासूबाई म्हणाल्या, आणि एकदम रडायला लागल्या. "मही नात हाय ती. रोज टोचायचं म्हंजी बघवत न्हाई मला."

आक्कांनी आपल्या पदरानं त्यांचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मंग तसं म्हणा ना. पाला कावून म्हणायलात?" आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंचंही अंग रगडलं. त्याच आठवड्यात त्यांच्या कळपात व्यालेल्या शेळीच्या पाटीला, म्हणजे मादी करडाला, "आत्याबाई" नाव मिळालं. राग धरून नाही, आवडली म्हणून ठेवलं, असं त्या म्हणतात. सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

औषधपाण्याचं मात्र आक्का एक अक्षर सांगत नाहीत. कुणी विचारलं, साखर इतकी आली, सुई किती द्यायची, तर त्या कानावर हात ठेवतात. "सुईचं डागदरला इचारा. मला फकस्त रडायचं इचारा." रडण्यातलं त्यांना सगळं कळतं. बायांना बाजेवर रडू देतात, पण बापांना त्या माळावर नेतात. आमचे हे, म्हणजे साक्षीचे पप्पा, दवाखान्यातून आल्यापासून कुणाशी बोलत नव्हते, नुसते रानात जाऊन बांधावर बसायचे. आक्कांनी त्यांना आपल्या मालकाच्या, आप्पांच्या ताब्यात दिलं. आप्पा महिन्यातून एखादं वाक्य बोलतात. दोघं सकाळी शेळ्या घेऊन गेले. संध्याकाळी हे परत आले तेव्हा डोळे सुजलेले होते, पण त्यांनी येऊन साक्षीला विचारलं, "मला दावशील का सुई कशी भरतेत?" मी नंतर आप्पांना विचारलं, तुम्ही काय बोललात त्यांच्याशी. आप्पांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "काय न्हाई. शेळ्या वळवल्या."

आणि चतुर्थीला लिंबागणेशला आक्कांचा मेळा भरतो, तो तर बघायलाच पाहिजे. कुठून कुठून शुगरवाल्या लेकरांचे आईबाप येतात. देवळाच्या बाहेर झाडाखाली आक्का मधोमध बसतात आणि लेकरं ओळीनं बोट टोचून साखर तपासतात. कुणी रडत नाही, उलट कुणाचं रक्त आधी येतं याची शर्यत लागते. आक्का तिकडं पंच. पहिल्यांदा गेले तेव्हा मी कोपऱ्यात बसले होते. शेजारी एक वकिलीण बसली होती, बीडची, चांगल्या साडीतली. ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही पण रात्री उठून बघता का हो, श्वास चालू आहे का ते?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मला वाटलं मी एकटीच." आम्ही दोघी त्या दिवशी इतकं बोललो की घरी येताना माझा घसा बसला होता. जन्मात पहिल्यांदा.

साक्षी चौथी पास झाली. आक्का आल्या आणि म्हणाल्या, "चला, पाचवीत नाव घालायला." मी म्हटलं, शाळेतले लोक घेणार नाहीत, उगीच कशाला. आक्कांना तेवढंच पाहिजे होतं. भांडायला मिळणार म्हणून त्यांनी नवं लुगडं नेसलं, पांढरे बूट धुतले. वाटेनं मुख्याध्यापिकेला काय काय बोलायचं ते मला मोठ्यानं म्हणून दाखवलं, ओढ्यातले बगळे उडाले. शाळेत गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काही अडचण नाही. आमच्या वर्गबाईंना सुईचं आणि साखरेचं दाखवून द्या. कपाटात ग्लुकोज ठेवू. सोमवारपासून पाठवा."

आक्का म्हणाल्या, "म्हंजी न्हाई म्हणायल्या न्हाईत तुमी?"

"नाही."

"येकदा तरी म्हणायचं व्हतं," असं पुटपुटत त्या बाहेर आल्या. परत येताना अर्ध्या वाटेपर्यंत फुरंगटून होत्या. मग पुलावर थांबल्या आणि माझ्याकडं वळल्या. "समदे व्हय म्हणले. आता कोन न्हाई म्हणायलंय?"

मी खाली पाहिलं. साक्षी पुढं पळत गेली होती, कठड्यावरून पाण्यात खडे टाकत होती. मी म्हटलं, "आक्का, वर्गात साखर कमी होऊन हातपाय कापायला लागले, घाम सुटला, आन् तिला सांगताच आलं नाही तर? ती माझ्यावर गेलीय. मला सांगता येत नाही."

"ती तुझ्यावर गेली न्हाई," आक्का म्हणाल्या. "ती पाचवीत गेलीय."

सोमवार आला. साक्षीनं स्वतःच दप्तर भरलं, सुयांची पिशवी, ग्लुकोजची पुडी, डबा. आक्कांनी मला हुकूम दिला, "मागं जायचं न्हाई. तिच्या वर्गाच्या दारात तू हुबी दिसलीस की समद्या पोरी तिला आजारी म्हणत्यात. घरी बस. मला बाजारला जायचंय, न्हाईतर मीच बसले असते तुह्या उरावर." आणि माझ्या दारात राखणीला आप्पांना बसवून त्या गेल्या. साक्षी दुसऱ्या पोरींबरोबर पूल ओलांडून गेली. मी भाकरी करायला घेतली, पीठ मळलं, परत मळलं. भांडी घासली ती परत घासली. दुपार व्हायला आली. जेवणाच्या सुट्टीत तिला सुई घ्यायची होती, पहिल्यांदाच एकटीनं, माझ्याशिवाय. मी दारात आले. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग तोंड भिंतीकडं फिरवलं आणि त्या महिन्याचं वाक्य बोलले. "म्या काय बघितलं न्हाई."

मी पळत सुटले. पदर खोचून, अनवाणी, ओढ्यातून, पुलावरूनसुद्धा नाही. शाळेच्या मागच्या बाजूला पडकी दगडी भिंत आहे, तिच्याआडून गेले. आणि बघते तर भिंतीपाशी पाटील, कंडक्टर, नारळवाली बाई सगळ्या चरताहेत, आत्याबाई भिंतीवर चढलेली आहे, आणि आक्का दगडावर पांढऱ्या बुटांचे चवडे टेकून मान उंच करून आत बघताहेत.

माझी चाहूल लागली तशा त्या दचकल्या.

"तुमी बाजारला गेलत्या ना?" मी म्हटलं.

"तू घरी व्हतीस ना?" त्या म्हणाल्या. जन्मात त्यांना मी तेव्हाच पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं. मग त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि माझ्या पदरावर बसल्या, म्हणजे मला उठता येऊ नये.

सुट्टीची घंटा झाली. साक्षी चारपाच पोरींबरोबर लिंबाखाली येऊन बसली. तिनं बोट टोचलं, बघितलं, सुई काढली. एक पोर डोळे झाकून ओरडली, दुसरी वाकून बघायला लागली. साक्षीनं काहीतरी सांगितलं आणि सगळ्या हसल्या. तिनं सुई घेतली, पिशवी बंद केली, डबा उघडला आणि शेजारच्या पोरीच्या डब्यातलं लोणचं उचललं. एवढंच. सगळं इतक्या पटकन झालं की मला भीती वाटायलासुद्धा वेळ मिळाला नाही. मला इतका आनंद झाला की मी आक्कांचा दंड गच्च आवळला. बघते तर त्यांचे डोळे भरलेले.

"मही पोर बी अशीच सुई घेऊन बसायची," त्या म्हणाल्या. "दिंद्रुडला ठिवलती मी तिला, मह्या मायपाशी, साळंसाठी. आन् हिकडं घरी सांगितलं, तिकडं चारा लई हाय. आख्खं वरीस तिकडंच कळप चारला, साळंच्या मागं." त्यांनी नाक पुसलं. "आता पुण्याला नोकरीला हाय. भांडण झालं की फोनवर म्हणती, आई, तू येकदा तरी आलतीस का मही साळा बघायला?"

"मग तुमी काय म्हणता?"

"काय म्हणू? म्हणते, न्हाई बाई. शेळ्यातून कुठं येळ व्हता."

त्या उठल्या. शाळा सुटायच्या आत लांब जायला पाहिजे म्हणून आम्ही दोघींनी मिळून शेळ्या ओढ्याकडं वळवल्या. पाटील ऐकत नव्हता, त्याला मी हाकललं. पुलाखालून जाताना शाळेत पोरं कविता म्हणताना ऐकू येत होती, आणि आक्का चालता चालता मधूनच थांबून मागं बघत होत्या.

संध्याकाळी साक्षी घरी आली. दप्तर टाकलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, आज शाळंच्या मागं शेळ्या ओरडायल्त्या. मला वाटलं आक्काच्याच हायत."

"आक्का तर बाजारला गेलत्या," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली, आणि खेळायला पळाली.